ड्राइव्ह नवा, तरी गाणं का अडखळतं?

वाचकांचे प्रश्न : संगीत आणि तंत्र

जयंतीची भीमगीतं एप्रिलच्या आत हातावेगळी करायची, पाठोपाठ लग्नसराई आणि गावोगावचे सप्ताह. मराठवाड्यातल्या छोट्या स्टुडिओंचा हा सगळ्यांत धावपळीचा काळ आणि लॅपटॉपची जागा संपते तीही नेमकी याच काळात. म्हणून या वेळी बाहेरून जोडायच्या एसएसडीबद्दलचे, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (लातूर) : विंडोज लॅपटॉप आहे, आत ५१२ जीबी, रॅम १६ जीबी. कॉन्टॅक्टच्या (खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले तुकडे, म्हणजे सॅम्पल, वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) स्ट्रिंग्ज, पियानो आणि तबला-ढोलकीच्या लायब्ऱ्यांनी सगळी जागा खाल्ली. १ टीबीची बाहेरची एसएसडी घ्यायची आहे. दुकानदाराने सेकंदाला ५५०, १०५० आणि २००० एमबी असे वेगाचे आकडे छापलेले तीन खोके समोर ठेवले. २००० वाला घेतला तर सॅम्पल अडखळायचे थांबतील का?

उत्तर : तो आकडा खोक्यावरचा आहे, तुमच्या पोर्टमधून तो बाहेर पडेलच असं नाही. २००० वाल्या ड्राइव्हला २० गिगाबिटचा पोर्ट लागतो. तो फार थोड्या लॅपटॉपवर असतो, बहुतेक मॅकवर तर हा प्रकार चालत नाही. असा पोर्ट नसला की ड्राइव्ह निमूटपणे १० गिगाबिटवर, म्हणजे हजार एमबीच्या आसपास चालतो. पैसे मात्र २००० चे गेलेले असतात.

आता संगीताला लागतं किती ते पाहू. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या स्टिरिओ आवाजाला सेकंदाला २८८ केबी लागतात. एकाच वेळी २०० व्हॉइस, म्हणजे २०० सॅम्पल, वाजत असतील, आणि हे भरपूर झालं, तरी हिशेब ५८ एमबीच्या आत बसतो. ५५० वाला ड्राइव्ह साध्या ५ गिगाबिटच्या निळ्या पोर्टवर ४०० ते ४५० एमबी देतो. म्हणजे वाजवण्यापुरते तिन्ही खोके सारखेच. १०५० वाला घ्यायचा तो तीनशे-चारशे जीबीच्या लायब्ऱ्या इकडून तिकडे नेताना वेळ वाचतो म्हणून, आणि भावात फार फरक नसेल तरच.

हार्ड डिस्कच्या मानाने एसएसडी उजवी ठरते ती सॅम्पल शोधण्यात. हार्ड डिस्कचं वाचणारं टोक एका सॅम्पलवरून दुसऱ्यावर पोचायला १० ते १५ मिलिसेकंद घेतं. स्ट्रिंग्जचा भरगच्च कॉर्ड धरला की शंभर सॅम्पल शंभर कोपऱ्यांतून मागवली जातात. १२ मिलिसेकंद धरले तरी १.२ सेकंद झाले. कॉन्टॅक्ट प्रत्येक सॅम्पलची सुरुवात, बहुतेक वाद्यांत ६० केबी, आधीच रॅममध्ये भरून ठेवतं आणि उरलेलं डिस्कवरून ओढतं. ६० केबी म्हणजे जेमतेम ०.२ सेकंदाचा आवाज. तो संपेपर्यंत पुढचा तुकडा आला नाही की सूर तुटतो. एसएसडी हेच काम सॅम्पलमागे ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास उरकते, आणि यात तिन्ही खोक्यांत कानाला कळेल असा फरक नाही.

याचा आणखी एक फायदा पदरात पाडून घ्या. कॉन्टॅक्टच्या ऑप्शन्समध्ये मेमरीच्या पानावर प्रीलोड साइज ओव्हरराइड करायची सोय आहे. तिथे खूण करून पट्टी ६० वरून १२ केबीवर आणा. ८,००० सॅम्पलचं वाद्य असेल तर रॅममधला भार ४८० एमबीवरून ९६ एमबीवर येतो. कॉन्टॅक्ट बंद करून पुन्हा उघडल्यावरच फरक दिसेल. कुठे सूर तुटला तर १८, २४ असं वर सरकत जा.

खरी मेख केबलमध्ये आहे. मोबाईल चार्जरबरोबर येणारी सी-टाइप केबल ड्राइव्हला बरोबर बसते, ड्राइव्ह दिसतो, फाईली उघडतात, सगळं आलबेल वाटतं. पण अशा बहुतेक केबलींत फक्त यूएसबी २.० च्या तारा असतात. वेग ४० एमबीला अडतो आणि वरचे ५८ एमबी त्यातून जात नाहीत. क्रिस्टलडिस्कमार्क हे वेग मोजणारं सॉफ्टवेअर चालवून पहिल्या ओळीचा वाचनाचा आकडा बघा : ४० च्या आसपास असेल तर यूएसबी २.०, ४०० च्या पुढे ५ गिगाबिट, ९०० च्या पुढे १० गिगाबिट. केबल चांगली असूनही आकडा ४० च आला आणि प्लग जुन्या चौकोनी ए-टाइपचा असेल, तर तो काढून एका झटक्यात पूर्ण आत घाला. त्या प्लगमध्ये २.० चे पत्रे पुढे आणि ३.० चे मागे असतात; हळूहळू सरकवला तर लॅपटॉप पुढच्या पत्र्यांवरच ओळख करून मोकळा होतो.

लायब्ऱ्या हलवण्याआधी ड्राइव्हला पक्कं अक्षर द्या. डिस्क मॅनेजमेंट उघडा, ड्राइव्हवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर', आणि एस किंवा टी असं मागचं अक्षर निवडा. हे केलं नाही तर मध्ये एखादा पेन ड्राइव्ह लावला की अक्षर बदलतं आणि प्रोजेक्ट उघडताना 'सॅम्पल मिसिंग'ची यादी तोंडावर येते. मग फोल्डर कॉपी करा, कॉन्टॅक्टच्या लायब्ऱ्या सांभाळणाऱ्या नेटिव्ह अ‍ॅक्सेसमध्ये नवी जागा दाखवा. तिथे न दिसणाऱ्या लायब्ऱ्यांसाठी कॉन्टॅक्टमधलं 'बॅच रीसेव्ह' एकदा चालवा. त्याआधी त्या फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवा, कारण ते मूळ फाईलींवरच लिहितं. सॉफ्टवेअर आणि प्लगइन आतल्याच ड्राइव्हवर राहू द्या. बाहेर जायचं ते फक्त सॅम्पलनी.

प्रश्न (जालना) : चांगल्यातली बाहेरची एसएसडी घेतली, तरी पंचवीस-तीस ट्रॅक झाले की कडकड आवाज येतो. बफर ६४ वर आहे. ड्राइव्हच खराब आला का?

उत्तर : ड्राइव्हवर संशय घेण्याआधी तो ६४ चा आकडा बघा. बफर म्हणजे लॅपटॉप एका दमात तयार करतो तो आवाजाचा तुकडा. इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप, सेकंदाला ४८,००० वेळा घेतलेलं; त्यामुळे ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात प्रोसेसरने पंचवीस ट्रॅकचे रिव्हर्ब, कॉम्प्रेसर, इक्यू सगळं पुरं करायचं, आणि हे सेकंदाला ७५० वेळा. यात ड्राइव्हचा हात फार थोडा. गायक गात असताना ६४ किंवा १२८ ठेवा, मिक्सिंगला बसलात की ५१२ किंवा १०२४.

कॉन्टॅक्टमध्ये वरच्या बाजूला सीपीयू आणि डिस्क असे दोन मीटर असतात. कडकड झाली त्या क्षणी कोणता चढतो ते पाहा. सीपीयू चढत असेल तर जड ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तयार आवाजात बदलून ठेवा. डिस्क चढत असेल तर वरच्या उत्तरातली केबलची तपासणी करा. दोन्ही शांत असूनही कडकड होत असेल तर लेटन्सीमॉन हे अडथळा आणणारा ड्रायव्हर शोधणारं सॉफ्टवेअर चालवून पाहा. बऱ्याचदा वाय-फायचा ड्रायव्हर पकडला जातो. आणि चार्जर काढून काम करत असाल तर लॅपटॉप स्वतःच प्रोसेसरचा वेग उतरवतो, तेही ध्यानात ठेवा.

प्रश्न (गंगाखेड, जि. परभणी) : गावच्या अखंड हरिनाम सप्ताहातलं कीर्तन एक्सआर १८ मिक्सरमधून लॅपटॉपवर सगळे चॅनेल वेगवेगळे करून घेतो, थेट बाहेरच्या एसएसडीवर. यंदा काल्याच्या कीर्तनात कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकला आणि ड्राइव्ह निघाला. फाईली दिसतात, पण उघडत नाहीत. महाराजांचा आवाज परत मिळेल का? पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?

उत्तर : फाईलींचा आकार शून्य दिसत नसेल, काही शे एमबी दिसत असेल, तर आवाज बहुतेक तिथेच आहे. वेव्ह फाईलच्या अगदी सुरुवातीला आत किती माल आहे त्याची नोंद असते, आणि ती पक्की होते रेकॉर्डिंग थांबवताना. तुमचं रेकॉर्डिंग थांबलंच नाही, तुटलं. त्यामुळे सॉफ्टवेअरला फाईल रिकामी वाटते.

आधी त्या ड्राइव्हवर नवीन काही लिहू नका, आणि विंडोजने 'स्कॅन अँड फिक्स' विचारलं तर नको म्हणा. सगळ्या फाईली आतल्या ड्राइव्हवर कॉपी करा. मग ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल मेनूतून इम्पोर्ट, त्यात 'रॉ डेटा' निवडा आणि कॉपी केलेली फाईल दाखवा. पुढच्या चौकटीत भरायचं ते असं : साइन्ड २४ बिट पीसीएम, बाइट ऑर्डर लिटल एंडियन, चॅनेल मोनो, सॅम्पल रेट ४८०००. स्टार्ट ऑफसेट आधी ० ठेवा. आवाजाऐवजी नुसता खरखराट आला तर घाबरू नका. २४ बिटांत प्रत्येक सॅम्पल ३ बाइटांचा असतो. सुरुवात एखाद-दुसऱ्या बाइटाने सरकली की सगळे आकडे भलतीकडे जोडले जातात. ऑफसेट १ करा, तरीही नाही तर २. या तिन्हींपैकी एकावर टाळ-मृदंग स्वच्छ ऐकू येईल. अगदी सुरुवातीला एक बारीक 'टक्' येईल, ती नोंदीची जागा. कापून टाकायची नाही, फक्त तिथला आवाज शून्य करायचा. कापली तर चॅनेल एकमेकांच्या पुढेमागे होण्याची भीती. सापडलेला ऑफसेट लिहून ठेवा, बाकीच्या सतरा फाईलींनाही बहुधा तोच चालेल.

आकार शून्य दिसत असेल तर गोष्ट अवघड आहे. फोटोरेकसारखी सॉफ्टवेअर पुसलेल्या वेव्ह फाईली शोधतात. पण अठरा फाईली एकाच वेळी लिहिल्या जात असताना त्यांचे तुकडे ड्राइव्हवर एकाआड एक पडलेले असतात, आणि अशा वेळी मृदंगाच्या मध्येच पेटी असा काला हाती येतो.

आता पुढच्या सप्ताहाचं. १८ चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २.६ एमबी, दोन तासांच्या कीर्तनाला पावणेएकोणीस जीबी. वेगाचा इथे प्रश्नच नाही, कुठलाही धड ड्राइव्ह हे झोपेत करेल. सांभाळायची ती जोडणी आणि वीज.

रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एक उत्तम सोय पडून आहे. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये मीडियाच्या पानावर दुसरा रेकॉर्डिंग पाथ देता येतो. पहिला पाथ आतल्या ड्राइव्हवर, दुसरा बाहेरच्या एसएसडीवर द्या. मग सगळे ट्रॅक निवडून रेकॉर्डच्या बटणावर राइट क्लिक करा आणि ट्रॅकच्या रेकॉर्डिंग सेटिंग्जमध्ये 'बोथ पाथ्स' निवडा. एकाच वेळी दोन प्रती तयार होतात. ड्राइव्ह निघाला तरी आतली प्रत शाबूत. त्याच सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंगच्या प्रेफरन्सेसमध्ये फाईलचा आकार मर्यादित करता येतो. ५०० एमबी टाका. मोनो फाईल साधारण तासाभराने बंद होऊन नवी सुरू होते. दगाफटका झालाच तर शेवटच्या तुकड्यापुरता होतो. रात्रभराच्या जागराचं रेकॉर्डिंग असेल तर हे आणखी गरजेचं, कारण साध्या वेव्ह फाईलची मर्यादा ४ जीबी आहे आणि २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ ती चार तासांत गाठतो.

ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट करा. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत जर्नल, म्हणजे चालू बदलांची नोंदवही, नसतं; मध्येच केबल निघाली तर फाईलींची यादीच बिघडू शकते. एनटीएफएस निदान यादी सावरतं.

केबल वीतभराची घ्या आणि ड्राइव्ह वेल्क्रोच्या पट्टीने लॅपटॉपच्या झाकणामागे चिकटवा. खाली लोंबणारं काही नको, म्हणजे पायाला काही लागणार नाही. मिक्सरची यूएसबी एका पोर्टवर, ड्राइव्ह दुसऱ्या. दोन्ही एका हबवर नकोत. पोर्ट कमीच असतील तर माउस हबवर जाऊ द्या, मिक्सर थेट लॅपटॉपला हवा. पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

आणि लाईट. लॅपटॉपला बॅटरी आहे, ड्राइव्ह त्याच्यावरच चालतो, म्हणजे ते दोघे सुखरूप. पण लाईट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंत मिक्सर बंद पडतो, लॅपटॉपच्या लेखी साउंड कार्डच नाहीसं होतं आणि रेकॉर्डिंग तिथेच थांबतं. मिक्सरला कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस लावा. मंडपातले स्पीकर गप्प झाले तरी मिक्सर आणि लॅपटॉप चालू राहतील, रेकॉर्डिंग सलग राहील.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : घरी मॅकबुकवर लॉजिक, मित्राच्या स्टुडिओत विंडोजवर क्यूबेस, अशी दोन वेगळी रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर. एकच ड्राइव्ह दोन्हीकडे चालावा असा फॉरमॅट कोणता?

उत्तर : देवाणघेवाणीपुरता एक्सफॅट. एनटीएफएस मॅकवर फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही. मॅकचं एपीएफएस विंडोजला दिसतच नाही. फॅट३२ मध्ये ४ जीबीच्या वरची फाईल बसत नाही.

पण सगळा ड्राइव्ह एक्सफॅट करू नका. त्याचे दोन भाग पाडा : मोठा एपीएफएस, लॉजिकच्या कामासाठी, लहान एक्सफॅट, ने-आण करण्यासाठी. डिस्क युटिलिटीत व्ह्यू मेनूतून 'शो ऑल डिव्हायसेस' करा, सगळ्यांत वरचं, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हचं नाव निवडा, जीयूआयडी पार्टिशन मॅप ठेवून इरेझ करा आणि मग पार्टिशन. यात आधीचं सगळं पुसलं जातं, हे वेगळं सांगायला नको. लॉजिकची साउंड लायब्ररी बाहेर हलवायची असेल तर तीही एपीएफएसच्याच भागात ठेवा. लॉजिकच्या मेनूत साउंड लायब्ररीखाली 'रिलोकेट'ची सोय आहे.

मित्राकडे जोडल्यावर विंडोजने डिस्क फॉरमॅट किंवा इनिशियलाइझ करू का असं विचारलं तर कॅन्सल दाबायचं. घाईत एंटर दाबलं की मॅकचा भाग गेला.

आणि फॉरमॅट काहीही असो, लॉजिकचा प्रोजेक्ट क्यूबेसमध्ये उघडणार नाही. प्रत्येक ट्रॅक पहिल्या बारपासून सुरू करून २४ बिट वेव्हमध्ये काढा, मिडी वेगळं, आणि टेम्पो व सॅम्पल रेट फोल्डरच्या नावातच लिहा. घरी ४४.१ आणि तिकडे ४८ असं झालं तर गाणं जवळपास दीड सेमीटोन (अर्धस्वर) वर चढतं आणि पळतंही, आणि गायकाला वाटतं आपलंच चुकलं.

प्रश्न (बीड) : ड्राइव्ह लावला की वायरलेस माउस उड्या मारतो. छोटा वायरलेस माइकही मधूनमधून तुटतो. ड्राइव्ह काढला की सगळं ठीक. व्हायरस आहे का?

उत्तर : व्हायरस नाही, रेडिओचा गोंधळ आहे. यूएसबी ३.० च्या तारांतून धावणाऱ्या सिग्नलचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. तुमच्या माउसचा डोंगल आणि तो छोटा माइक दोघेही त्याच पट्ट्यात बोलतात. डोंगल ड्राइव्हच्या शेजारच्या पोर्टमधून काढा आणि एक मीटरच्या यूएसबी २.० एक्स्टेन्शनवर लांब न्या. ड्राइव्हची केबल बदलून जाड, चांगल्या शील्डिंगची घ्या. स्टेजवरच्या यूएचएफ, म्हणजे वेगळ्या पट्ट्यातल्या, माइकला हा त्रास सहसा होत नाही.

प्रश्न (हिंगोली) : ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी दोन हजार रुपयांत दिसते. घ्यावी का?

उत्तर : नाही. आत एखादं जुनं मेमरी कार्ड असतं आणि त्याच्या चिपला १६ टीबी सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की नव्या फाईली जुन्यांवरच लिहिल्या जातात. नावं दिसतात, आवाज गेलेला असतो. कुणी आधीच घेतली असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू पूर्ण ड्राइव्हवर चालवा. ते शेवटपर्यंत लिहून परत वाचतं आणि खरी जागा किती ते सांगतं. परतीची मुदत संपायच्या आत हे उरका.

प्रश्न (धाराशिव) : एनव्हीएमई कार्ड (एसएसडीचं सुटं कार्ड) आणि रिकामी केस वेगवेगळी घेऊन ड्राइव्ह बनवला. दुपारी लायब्ऱ्या कॉपी करताना सुरुवातीला ९०० एमबी वेग, नंतर ८० वर येतो. कधी कधी ड्राइव्हच नाहीसा होतो. खोलीवर पत्रे आहेत.

उत्तर : वेग उतरण्याची दोन कारणं असू शकतात, आणि दोन्ही दिसायला सारखीच. एक, कार्डातला वेगवान कॅश, म्हणजे तात्पुरती साठवण, भरला. स्वस्त क्यूएलसी (एका कप्प्यात चार बिट कोंबणारी) कार्डं आधी त्यात झपाट्याने लिहितात. तो भरला की मूळचा, म्हणजे शंभराच्या आसपासचा वेग उघडा पडतो. ड्राइव्ह जितका भरलेला, तितका हा कॅश लहान. दोन, उष्णता. ७० ते ८० अंशांच्या पुढे कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. मेमध्ये तुमच्याकडे खोलीतच चाळीसच्या पुढे पारा असतो, म्हणजे निम्मी मजल आधीच मारलेली.

ओळखायचं असं. १०० जीबीचा एकच फोल्डर पहाटे कॉपी करा, आणि तोच भर दुपारी. दोन्ही वेळा वेग त्याच जीबीवर पडला तर कॅश. दुपारी लवकर पडला आणि टेबल फॅनसमोर ठेवल्यावर सावरला तर उष्णता. क्रिस्टलडिस्कइन्फो उघडं ठेवलं तर तापमानही दिसतं.

उष्णता निघाली तर केस उघडा. कार्ड आणि धातूच्या झाकणामध्ये राखाडी रबरासारखा थर्मल पॅड असतो, त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लास्टिकचा पापुद्रा असतो. एका बाजूचा निघतो, दुसऱ्या बाजूचा पारदर्शक असल्याने तसाच राहून जातो. तो राहिला की उष्णता झाकणापर्यंत नीट पोचत नाही. पॅड दाबून बसला पाहिजे, मध्ये फट नको. नीट बसला की केस हाताला चांगलीच गरम लागेल. ते चांगलं लक्षण. कार्ड गरम आणि केस गार, हे वाईट. ड्राइव्ह लॅपटॉपच्या गरम हवेच्या जाळीसमोर किंवा त्याच्या पोटाखाली ठेवू नका.

नाहीसा होण्याचं कारण बहुधा वीज. ए-टाइपचा ३.० पोर्ट ५ व्होल्टला ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट देण्यास बांधील असतो. काही एनव्हीएमई कार्डं जोरात लिहिताना याहून जास्त ओढतात. सी-टाइप पोर्टवर लावून पाहा, तो बहुधा जास्त देतो. तिथेही गळत असेल तर केबल, मग केसमधली चिप. आणि गाणी रेकॉर्ड करताना सेकंदाला दोन-तीन एमबीच लिहायचे असतात, त्याने कार्ड फारसं तापत नाही. मोठ्या कॉप्या तेवढ्या सकाळी करा.

प्रश्न (नांदेड) : वडिलांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी डिजिटल केल्या, चारशे जीबी झाल्या. एसएसडीवर टाकून कपाटात ठेवणार आहे. किती वर्षं टिकतील?

उत्तर : एकुलती एक प्रत एसएसडीवर ठेवून कपाट बंद करू नका. एसएसडीत माहिती म्हणजे बारीक कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. वीज नसताना तो हळूहळू झिरपतो, आणि उष्णता जास्त तितका लवकर. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेचा घरगुती एसएसडीसाठीचा निकष असा : लिहिण्याची ठरलेली मर्यादा पुरती वापरून झालेला ड्राइव्ह बंद अवस्थेत ३० अंशांना १ वर्ष माहिती धरून ठेवेल. नवाकोरा ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकतो, हे खरं. पण नांदेडच्या उन्हाळ्यात बंद कपाट ३० अंशांवर थोडंच राहतं?

कपाटासाठी साध्या फिरत्या हार्ड डिस्क दोन घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक घरी, दुसरी गावाकडे किंवा बहिणीकडे. एसएसडीवरची प्रत ऐकायला आणि काम करायला राहू द्या. दर सहा महिन्यांनी तिन्ही जोडायच्या आणि नुसती फाईलींची यादी बघायची नाही, प्रत्येक फाईल अखेरपर्यंत वाचली गेली पाहिजे.

त्यासाठी वेव्हच्या फ्लॅक (आवाज न गमावता जागा वाचवणाऱ्या) फाईली करून ठेवा. आवाजात तसूभरही फरक पडत नाही, जागा पुष्कळदा निम्म्याच्या आसपास येते, आणि प्रत्येक फ्लॅक फाईलच्या आतच मूळ आवाजाचा एमडी५ ठसा, म्हणजे फाईल ताडून पाहायची खूण, असतो. फूबार२००० या प्लेअरमध्ये सगळ्या फाईली निवडून 'व्हेरिफाय इंटेग्रिटी' चालवलं की एखादा बिटही इकडचा तिकडे झाला असेल तर ती फाईल नावानिशी पुढे येते. मग दुसऱ्या डिस्कवरून तेवढीच बदलून घ्यायची. फाईलच्या नावात कॅसेटवर लिहिलेला क्रमांक आणि बाजू, ए की बी, तेवढी जरूर घाला. कॅसेटच्या खोक्यावर वडिलांच्या हातचं काही लिहिलेलं असेल तर त्याचा फोटोही त्याच फोल्डरमध्ये ठेवा.